टाकीच्या तळाचा कॉक

जुलैतला पुण्याचा एखादा ढगाळ दिवस घ्या. तापमान २६ अंश, आर्द्रता ८५ टक्के. अशा हवेच्या प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे २१ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. ते डोळ्यांना दिसत नाही, अंगाला चिकटते एवढेच. भोसरीतल्या एखाद्या मध्यम कारखान्यात २५ हॉर्सपॉवरचा कंप्रेसर असतो. तो मिनिटाला १०० घनफूट, म्हणजे तासाला साधारण १७० घनमीटर हवा ओढतो, आठव्या हिश्शाच्या जागेत कोंबतो, कूलरमधून थंड करतो आणि टाकीत भरतो. कूलरमधून हवा ३५ अंशांना बाहेर पडली असे धरले, तर बाहेरच्या प्रत्येक घनमीटरमागे तिला आता फक्त ५ ग्रॅम वाफ सांभाळता येते. उरलेल्या १५-१६ ग्रॅमचे पाणी होते. तासाला हे सुमारे पावणेतीन लिटर झाले. कंप्रेसर तिन्ही शिफ्टमध्ये भरभरून चालला तर दिवसाला ६५ लिटर, म्हणजे चार मोठ्या बादल्या.

हे पाणी कोणी आणून ओतत नाही आणि ते कुठल्या हिशेबात लागत नाही. कंप्रेसर चालू आहे तोवर ते येतच राहते. त्याला बाहेर काढण्याचे काम टाकीच्या बुडाशी, कूलरच्या खाली, हवा सुकवणाऱ्या ड्रायरच्या पोटात आणि फिल्टरच्या तळाशी बसवलेले लहान व्हॉल्व्ह करतात. कारखान्यात त्यांना सरसकट ‘ड्रेन’ म्हणतात. लाखो रुपयांच्या यंत्रणेतला हा सगळ्यात स्वस्त भाग असतो. खरेदीच्या यादीत तो शेवटी येतो आणि बिघडला तर सगळ्यात उशिरा लक्षात येतो. माझे म्हणणे असे आहे की दाबाखालच्या हवेची गुणवत्ता आणि किंमत या छोट्या व्हॉल्व्हवर ठरते. तो निवडताना पाणी किती आणि कधी येते हे आधी पाहायला हवे. आपल्याकडे ते फार थोड्या ठिकाणी पाहिले जाते.

वरचे गणित ज्याच्या विचारावर उभे आहे तो माणूस यंत्रांचा नव्हताच. जॉन डाल्टन हा मँचेस्टरचा शिक्षक. १७८७ पासून १८४४ मध्ये मरेपर्यंत तो रोज हवामानाच्या नोंदी ठेवत असे. पाऊस, वारा, दाब, तापमान, दवबिंदू. त्या नोंदींनी त्याच्या मनात एक प्रश्न रुजवला: हवेत वाफ राहते ती कशी? १८०१ च्या सुमारास त्याने मांडले की मिश्रणातला प्रत्येक वायू आपला दाब स्वतंत्रपणे देतो, शेजारच्या वायूची त्याला पर्वा नसते. म्हणून एखाद्या जागेत किती वाफ मावेल हे त्या जागेच्या आकारावर आणि तापमानावर ठरते. तिथे हवा किती कोंबली आहे याच्याशी त्याचा जवळजवळ संबंध नाही. जागा आठव्या हिश्शाची केली की वाफेची सोयही आठव्या हिश्शाची होते. हवा पाणी धरून ठेवते, असे आपण सहज म्हणतो. डाल्टनच्या हिशेबात हवा काहीच धरत नाही, धरते ती जागा. कंप्रेसरच्या खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकाला ही एक गोष्ट नीट समजली तर पुढचे अर्धे प्रश्न विचारावे लागणार नाहीत.

पाणी आत राहिले तर काय होते? टाकी आतून गंजते. बाहेरून रंग चकचकीत, आत तळाचा पत्रा पातळ होत जातो, आणि ती टाकी सात बार दाबाखाली असते. कारखाना अधिनियम १९४८ चे ३१ वे कलम अशा दाबाच्या यंत्रणेविषयीच होते, आणि सक्षम व्यक्तीकडून होणाऱ्या तपासणीत पत्र्याची जाडी मोजली जाते ती याच भीतीने. पाणी पुढे पाइपांत गेले की गंजाचा चुरा घेऊन जाते. हवेवर चालणाऱ्या ग्राइंडरमधले आणि सिलिंडरमधले वंगण धुऊन जाते, सील फुगतात, व्हॉल्व्ह चिकटतात. रंगाच्या बूथमध्ये स्प्रेगनमधून पाण्याचा एक थेंब आला तरी रंगावर खळगा पडतो आणि तो पॅनेल पुन्हा घासावा लागतो. इचलकरंजीत आता एअरजेट माग बरेच आले आहेत. त्यांत आडवा धागा हवेच्या झोताने फेकला जातो, त्यामुळे त्या हवेतला तेलपाण्याचा अंश थेट कापडावर उतरतो. मागाची किंमत आणि कापडाचा दर यांची चर्चा तिथे रात्रंदिवस चालते. टाकीखालच्या ड्रेनची चर्चा डाग पडल्यावरच होते.

सर्वांत जुना ड्रेन म्हणजे हाताने फिरवायचा कॉक. शिफ्ट सुरू झाली की हेल्परने जायचे, कॉक उघडायचा, पाणी संपून हवेचा आवाज आला की बंद करायचा. चांगल्या हेल्परला पाण्याचा आणि हवेचा आवाज डोळे मिटून ओळखता येतो. या पद्धतीत काही चूक नाही. चूक होते ती माणसे कमी झाल्यावर. हेल्पर दुसऱ्या खात्याला दिला जातो, कॉककडे जायला कोणी उरत नाही, आणि मग कोणीतरी उपाय काढतो: कॉक किंचित उघडा ठेवायचा. पाणी आपोआप झिरपत राहील, कटकट मिटली. पुणे आणि कोल्हापूर परिसरातल्या लहान कारखान्यांत कंप्रेसरच्या खोलीत उभे राहिले की हा बारीक फुसफुसणारा आवाज अनेकदा ऐकू येतो, आणि तिथल्या लोकांना तो इतका सवयीचा झालेला असतो की विचारल्यावरच त्यांच्या ध्यानात येतो.

त्या आवाजाची किंमत काढू. कॉकची फट ३ मिलिमीटरच्या भोकाएवढी धरली तर सात बार दाबावर तिच्यातून मिनिटाला सुमारे अर्धा घनमीटर हवा जाते. आपल्या २५ हॉर्सपॉवरच्या कंप्रेसरचा हा सहाव्या हिश्शाहून मोठा वाटा झाला. तेवढी हवा तयार करायला साधारण सव्वातीन किलोवॉट वीज लागते. दिवसरात्र चालले तर रोज ७८ युनिट. युनिटला ९ रुपये धरले तर रोजचे ७०० रुपये, आणि ३०० दिवसांच्या वर्षाला दोन लाखांच्या वर. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या मार्गदर्शक पुस्तिकेत म्हटले आहे की कंप्रेसरला दिलेल्या विजेपैकी १० ते ३० टक्केच शेवटच्या कामापर्यंत पोचते, बाकीची उष्णता होऊन जाते. हवा ही कारखान्यातली महागडी वस्तू आहे. ती फुकट वाटते, कारण ती कोणी ट्रकमधून उतरवत नाही.

तेव्हा हाताचा कॉक काढून आपोआप चालणारा व्हॉल्व्ह बसवायचा. इथून खरा पेच सुरू होतो. या व्हॉल्व्हला पाणी बाहेर सोडायचे आहे आणि हवा आत ठेवायची आहे. म्हणजे त्याला दोन्हींतला फरक कळला पाहिजे. कशावरून कळणार?

वाफेच्या यंत्रणेत हा प्रश्न सोपा होता. बॉयलरच्या वाफेचे पाणी झाले की ते हळूहळू थंड होते, वाफ गरम राहते. तापमानाने वाकणारी पट्टी किंवा फुगणारी कुपी बसवली की व्हॉल्व्ह आपोआप ओळखतो. त्यामुळे अशा व्हॉल्व्हचे, म्हणजे स्टीम ट्रॅपचे, कितीतरी प्रकार निघाले. हवेच्या टाकीत मात्र पाणी आणि हवा शेजारी शेजारी एकाच तापमानाला असतात, तेव्हा उष्णतेची खूण उपयोगाची नाही. मग उरतात दोन खुणा: पाणी हवेपेक्षा जड आहे, आणि विजेच्या क्षेत्रात ते हवेहून अगदी वेगळे वागते. या क्षेत्रातल्या जवळजवळ सगळ्या चांगल्या रचना या दोन खुणांपैकी एकीवर उभ्या आहेत. आणि एक रचना अशी आहे की जी कुठलीच खूण पाहत नाही, नुसते घड्याळ पाहते. बाजारात ती सर्रास खपते.

आधी वजनाची खूण. गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट पाणी चढले की नळ बंद करतो. हवेच्या टाकीखालचा फ्लोट पाणी चढले की भोक उघडतो. रचना जुनी, वीज नको, पाणी असेल तेवढेच सोडणार. कागदावर याहून चांगले काही नाही. पण दाब मध्ये येतो. सात बारवर ३ मिलिमीटरचे भोक झाकणारी गोळी हवेच्या दाबाने अर्धा किलो वजनाएवढ्या जोराने बसलेली असते. फ्लोटला पाण्याच्या उचलीतून तेवढा जोर आणायचा असतो. म्हणून तरफ वापरतात: लांब दांडीच्या टोकाला फ्लोट, आखूड टोकाला गोळी. दाब वाढला की हिशेब बिघडतो. पाण्याच्या बाटल्या फुगवणाऱ्या कारखान्यांत ३० ते ४० बारची हवा लागते. ४० बारवर त्याच भोकाला जवळजवळ ३ किलोचा जोर दाबून धरतो. मग एकतर फ्लोट मोठा करा, नाहीतर भोक बारीक करा. भोक बारीक केले की तिथे गाळ अडकतो.

गाळ हा या कथेतला खलनायक आहे. टाकीच्या तळाला येते ते पावसाचे स्वच्छ पाणी नसते. तेलाने वंगण केलेल्या कंप्रेसरमधून तेलाचे सूक्ष्म कण येतात, पाइपांतला गंज येतो, बाहेरच्या हवेतली धूळ येते. फाउंड्रीच्या शेजारी कंप्रेसर असेल तर वाळूची आणि काजळीची पूड येते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत काम केलेल्या कोणत्याही फिटरला फ्लोट ड्रेन उघडल्यावर आत सापडणारा तो तपकिरी चिकट थर माहीत आहे. फ्लोट वर चिकटला तर हवा सतत वाहत राहते आणि निदान ऐकू तरी येते. खाली चिकटला तर काहीच ऐकू येत नाही. पाणी शांतपणे टाकीत चढत जाते. दुसरा प्रकार वाईट.

जोराच्या प्रश्नावर अभियंत्यांनी काढलेली वाट मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर कल्पना वाटते. मोठे भोक फ्लोटने थेट उघडायचेच नाही. मोठ्या भोकावर रबरी पडदा बसवायचा आणि पडद्याच्या पाठीमागे टाकीतलीच हवा येऊ द्यायची. पाठीमागचे क्षेत्रफळ जास्त, म्हणून हवाच पडदा घट्ट बंद धरते. फ्लोटने फक्त पडद्यामागची हवा सोडणारे एक सुईएवढे छिद्र उघडायचे. पाठीमागचा दाब उतरला की समोरचा दाब पडदा उचलतो आणि मोठे भोक धाडकन मोकळे होते. ज्या दाबाशी झगडायचे होते त्यालाच कामाला लावले. याला पायलट व्हॉल्व्ह म्हणतात. विजेने उघडणारा सोलेनॉइड असो, फ्लोट असो, सेन्सर असो, आजचे बहुतेक मोठे ड्रेन याच तत्त्वावर चालतात. त्याचा एकच अवगुण म्हणजे ते सुईएवढे छिद्र. तेच आधी बुजते. म्हणून गाळ फार असेल तिथे जाणते लोक पायलट टाळतात आणि मोटरने फिरणारा बॉल व्हॉल्व्ह बसवतात. त्याचे भोक मोकळे, बारीक वाट कुठेच नाही. उघडझाप सावकाश होते, पण अडकत नाही.

आता घड्याळाचा ड्रेन. एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि वर दोन गोल बटणे: किती वेळाने उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे. स्वस्त, आटोपशीर, अर्ध्या तासात बसतो. साधारण दर १० मिनिटांनी १० सेकंद असे लावून देतात आणि मग त्या बटणांना वर्षानुवर्षे कोणी हात लावत नाही. हवामान मात्र बदलते. सुरुवातीच्या जुलैच्या गणिताशेजारी फेब्रुवारीची दुपार ठेवू. पुण्यात तापमान ३२ अंश, आर्द्रता २० टक्के. घनमीटरमागे वाफ जेमतेम ७ ग्रॅम. कूलरमधून हवा ४० अंशांना निघाली तर तिच्यात साडेसहा ग्रॅमच्या आसपास वाफ राहू शकते. म्हणजे पाणी जवळजवळ पडतच नाही. तासाला ७० मिलिलिटर, एक छोटा कप. त्याच दिवशी पहाटे १३ अंशांना कूलर अधिक थंड चालतो, हवेची आर्द्रताही ७० टक्क्यांवर गेलेली असते, आणि तोच कंप्रेसर तासाला लिटरभर पाणी टाकतो. एकाच दिवसात तेरापट फरक, आणि जुलैशी तुलना केली तर जवळपास चाळीसपट. कोकणात रोह्याला किंवा लोट्याला मे महिन्याचे चित्र आणखी वेगळे. तिथे ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला हाच कंप्रेसर तासाला तीन लिटर देईल. घड्याळाला यातले काही कळत नाही.

इथे विक्रेत्यांच्या एका दाव्याविषयी लिहिले पाहिजे. सेन्सरचे ड्रेन विकणारे सांगतात की टायमर ड्रेन प्रचंड हवा वाया घालवतो. मी आकडे मांडून पाहिले. नीट लावलेला, ३ मिलिमीटर भोकाचा, १० मिनिटांत १० सेकंद उघडणारा टायमर वर्षभरात फार तर तीन-साडेतीन हजार रुपयांची हवा सोडतो. यासाठी कोणी कर्ज काढून नवा ड्रेन घेऊ नये. पण भोक ५ मिलिमीटरचे असेल तर तोच आकडा १० हजारांच्या आसपास जातो, आणि पावसाळ्यात घाबरून कोणी दर दोन मिनिटांनी उघडायला लावला आणि तसाच विसरला तर ५० हजारांच्या घरात. कारखान्यात असे आठ-दहा ड्रेन असतात. तोटा खरा आहे. तो रचनेपेक्षा विसरण्यातून अधिक येतो. टायमरचा दुसरा दोष कमी बोलला जातो आणि मला तो मोठा वाटतो. पूर्ण दाबाने बारीक भोकातून धाडकन सुटलेले तेलपाणी इतके घुसळले जाते की त्याचे दुधाळ मिश्रण बनते, आणि मग त्यातून तेल वेगळे करणे कठीण होऊन बसते.

विजेची खूण वापरणारा ड्रेन यातून मार्ग काढतो. छोट्या कुंडीत पाणी साचते. कुंडीत धारकतेवर चालणारी नळी असते. भोवती हवा आहे की पाणी हे ती विजेच्या फरकावरून ओळखते. तिच्यात हलणारा भाग नाही, त्यामुळे चिकटायला काही नाही. पाणी वरच्या खुणेला आले की पडदा उघडतो, खालच्या खुणेवर येताच, हवा निसटण्यापूर्वीच, बंद होतो. भोक मोठे ठेवता येते, पाणी शांतपणे वाहते, तेल वरच्यावर तरंगत राहते. चांगल्या ड्रेनमध्ये आणखी एक सोय असते: ठरलेल्या वेळात कुंडी रिकामी झाली नाही तर तो दिवा लावतो आणि मधूनमधून उघडून अडथळा ढकलायचा प्रयत्न करतो. बाजारात याला ‘झिरो लॉस ड्रेन’ म्हणतात. टायमरपेक्षा तो काही पट महाग, त्याला वीज लागते, आणि त्याच्या इलेक्ट्रॉनिक कार्डात बिघाड झाला तर गावातल्या फिटरला तो दुरुस्त करता येत नाही. ही शेवटची अडचण शहरात बसून लहान समजू नये. तासगाव-विट्याकडच्या कारखान्यात पावसाळ्यात कार्ड गेले तर नवे येईपर्यंत टाकीतले पाणी थांबत नाही. म्हणून शेजारी हाताचा कॉक बायपासला असलाच पाहिजे.

उत्तम ड्रेन घेऊनही काम होत नाही याची कारणे बहुतेक वेळा पाइपात सापडतात. ड्रेनमध्ये पाणी उतरायचे तर आधी तिथली हवा वर जायला हवी. त्यासाठी ड्रेनच्या माथ्यावरून टाकीकडे परत जाणारी एक बारीक नळी लागते. ती नसेल तर हवा ड्रेनमध्ये कोंडते आणि टाकी भरलेली असताना ड्रेन रिकामा राहतो. फिटर ड्रेनला दोष देतात, बदलतात, नवाही तसाच वागतो. दुसरी गोष्ट म्हणजे कूलर, टाकी आणि फिल्टर यांचे पाणी एका नळीत जोडून एकच ड्रेन बसवणे. पैसे वाचतात असे वाटते. या तीन ठिकाणचे दाब किंचित वेगळे असतात. जास्त दाबाची हवा नळीतून कमी दाबाच्या बाजूला जाते, फिल्टरला वळसा पडतो, आणि ओली हवा पुढे निघून जाते. प्रत्येक जागेला तिचा स्वतःचा ड्रेन हवा, त्याआधी जाळीचा स्ट्रेनर हवा, आणि नळी सतत उताराची हवी. या तीन गोष्टींना खर्च जवळपास नाही.

रस्त्यावर आणि रुळांवर हाच प्रश्न जिवाशी येतो. हवेच्या ब्रेकचे पहिले पेटंट जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये घेतले. आपली रेल्वे दीर्घकाळ व्हॅक्यूम ब्रेकवर चालली. त्यात हवा दाबून साठवण्याऐवजी काढून घेतली जाते, त्यामुळे टाकीतल्या पाण्याचा उपद्रव या रूपात नव्हता. हवेचे ब्रेक आले आणि इंजिनाच्या मुख्य टाक्यांखाली आपोआप उघडणारे ड्रेन आले, शेजारी हाताचे कॉकही राहिले. ट्रकचे जुने चालक सकाळी गाडी काढण्यापूर्वी टाकीखालची कडी ओढून पाणी काढत. क्लीनरला शिकवले जाणारे ते पहिल्या कामांपैकी एक. नव्या गाड्यांत ड्रायर असतो. टाकी भरली की तो ‘फिस्स’ आवाज करून साठलेले पाणी बाहेर फेकतो. त्याच्या आतल्या ओल शोषणाऱ्या गोळ्या बदलायच्या असतात हे मात्र बरेच मालक विसरतात, आणि ड्रायर आहे म्हणून कडीही कोणी ओढत नाही. खंबाटकी किंवा बोरघाट उतरताना ब्रेकच्या नळीत पाणी असलेली गाडी आपल्या मागे असू नये, एवढे कोणालाही वाटेल.

२०२१ नंतर हा विषय रुग्णालयांत आला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनची टंचाई झाली आणि देशभर हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे हजाराहून अधिक पीएसए प्रकल्प बसवले गेले. महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांतही ते आहेत. त्यांचे काम साधे आहे. कंप्रेसरची हवा झिओलाइटच्या दाण्यांतून जाते, दाणे नायट्रोजन धरून ठेवतात, सुमारे ९३ टक्के शुद्ध ऑक्सिजन पुढे जातो. दाब उतरवला की नायट्रोजन सुटतो आणि दाणे पुन्हा तयार होतात. पण झिओलाइटला नायट्रोजनपेक्षा पाणी कितीतरी अधिक प्रिय आहे. पाणी एकदा चिकटले की नुसता दाब उतरवून ते निघत नाही. दाणे पाण्याने व्यापत जातात, ऑक्सिजनची शुद्धता घसरते. आधीच्या टाकीचा आणि ड्रायरचा ड्रेन पावसाळ्यात अडकला तर प्रकल्पाचा प्राणच जातो, आणि झिओलाइट बदलणे म्हणजे मोठा खर्च. रुग्णालयात हवेच्या यंत्रणेचा फिटर बहुधा नसतो. तिथे हे काम कोणाचे हे ठरवणे मला कारखान्यापेक्षाही निकडीचे वाटते.

वायू जळणारा असेल तर नियम पालटतात. मुंबईत १८६५ च्या ऑक्टोबरात रस्त्यावर गॅसचे दिवे लागले. कोळशाच्या गॅसच्या जुन्या नळांना उतार देऊन सखल जागी भांडी पुरत आणि त्यांत साचलेले पाणी-डांबर हातपंपाने काढत. १९७४ मध्ये मुंबई हायला तेल लागले. तिथून उरणला येणाऱ्या वायूसोबत द्रवरूप हायड्रोकार्बनही येतात, आणि हे द्रव पाण्यासारखे फेकून द्यायचे नसतात. ते विकाऊ असतात आणि पेटतातही. म्हणून तिथे पातळी पाहणारे नियंत्रक व्हॉल्व्ह द्रव बंद टाकीत सोडतात, बाहेरच्या हवेत काही जाऊ देत नाहीत. ठिणगी उडणारा साधा सोलेनॉइड तिथे चालत नाही. अशा विद्युत उपकरणांना नागपूरला मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ या केंद्र सरकारच्या सुरक्षा संस्थेची मान्यता लागते. सीएनजीच्या पंपावर दाब २०० बारच्या पुढचे. तिथल्या ड्रेनमधून आलेला वायूही परत घेतात. हवेच्या टाकीखाली आपण जो निष्काळजीपणा खपवून घेतो, तो तिथे एक दिवसही खपत नाही.

आणि बाहेर काढलेले पाणी कुठे जाते? बहुतेक ठिकाणी खोलीमागच्या गटारात. ते तेलकट असते. पर्यावरण संरक्षण नियमांप्रमाणे नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात तेल-ग्रीस लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, सार्वजनिक मलवाहिनीत २० मिलिग्रॅम. कंप्रेसरचे तेलपाणी वेगळे न करता या मर्यादेत बसणे अवघड. त्यासाठी तेल-पाणी विभाजक मिळतो, आणि निघालेले तेल घातक कचऱ्याच्या नियमांत मोडते. पवना, इंद्रायणी आणि पंचगंगेच्या प्रदूषणावर आपण दरवर्षी लिहितो, बोलतो, मोर्चे काढतो. त्या प्रदूषणात मोठे गुन्हेगार वेगळे आहेत, पण प्रत्येक कंप्रेसरमागची ही तेलकट धार कोणीच मोजत नाही, आणि ती थांबवणे मालकाच्या हातातले काम आहे.

बॉयलर चालवायला कायद्याने प्रमाणपत्र असलेला परिचर लागतो. त्याचे नाव असते, सही असते. कंप्रेसर मात्र कोणीही बटण दाबून चालू करतो आणि तो कोपऱ्यात आपोआप चालत राहतो. खंडेनवमीला त्याला झेंडूचा हार पडतो, कुंकू लागते, आणि ती श्रद्धा मनापासूनची असते. त्याच हाताने टाकीखाली वाकून एकदा ड्रेन उघडून पाहावा, असे मला वाटते.

निवडीबद्दल विचाराल तर माझे मत स्पष्ट आहे. गाळ कमी आणि वीज बेभरवशाची असेल तर चांगला फ्लोट, स्ट्रेनरसह आणि दर महिन्याला धुऊन. गाळ फार असेल तर मोटरचा बॉल व्हॉल्व्ह. ऑक्सिजन प्रकल्प, रंगाचा बूथ, एअरजेट माग, म्हणजे जिथे पाण्याने माल किंवा माणूस धोक्यात येतो, तिथे पातळी ओळखणारा सेन्सर, बायपास कॉकसह. पैसे वाचवायची ती जागा नाही. टायमर फक्त तिथे, जिथे ऋतू बदलल्यावर बटण फिरवणारा माणूस आहे.

पाऊस ओसरला की हवा कोरडी होऊ लागते. तुमच्या कारखान्यात, वर्कशॉपमध्ये किंवा रुग्णालयात टायमर ड्रेन असतील तर ते तेव्हाही जुलैच्याच सेटिंगवर असतात. त्याच आठवड्यात ते बदला. एका शिफ्टचे पाणी बादलीत धरून मोजा, आकडा वहीत लिहा, मे आणि जुलैमध्ये पुन्हा मोजा. सेन्सरच्या ड्रेनवर तपासणीचे बटण असते, ते आठवड्यातून एकदा दाबा. आणि कंप्रेसरच्या खोलीच्या दारावर, ड्रेनची जबाबदारी कोणाची, ते नाव लिहून लावा.